गावात शेळी हरवली तर दहा मिनिटांत कळतं, ग्रामसभा झाली ते महिन्याने का कळतं?

बांधावरून (धागाकर्ता)

मी पुण्यात, आई गावी. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातलं गाव आमचं, मतदार चौदाशेच्या आसपास. गेल्या मंगळवारी दुपारी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दीड तासात काय काय आलं ते जसंच्या तसं सांगतो.

खालच्या आळीतले एक आजोबा गेले, माती पाचला. त्याखाली साठ-सत्तर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मग 'थ्री फेज आज रात्री साडेदहाला येणार'. मग एक शेळी हरवल्याचा फोटो, डावा कान कातरलेला ही खूण. मग शेळी सापडली, ओढ्याच्या पलीकडं. आणि त्या सापडलेल्या शेळीखाली दोघांनी, वरचं काही न वाचता, भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली.

संध्याकाळी आईला फोन केला. आमच्या दारासमोरच्या खांबावरचा दिवा दिवाळीपासून बंद आहे. म्हटलं, लागला का? तर म्हणाली, "न्हाई रं. ग्रामसभेत सांगायचं म्हणत हुते समदी, पर ती झाली म्हनं." कधी झाली? "गेल्या म्हैन्यात. शिपाई वही घिऊन आलता, सही क्येली की मी."

म्हणजे कागदोपत्री आई ग्रामसभेला हजर होती. प्रत्यक्षात ओसरीवर ज्वारी पाखडत होती.

मला एवढंच विचारायचं आहे, की तुमच्याकडे गावची बातमी कशी फिरते? आणि जी बातमी खरं तर सगळ्यांच्या कामाची, ती नेमकी का फिरत नाही?

पिंपळपान

बातमी आपणहून फिरत नाही, ती फिरवणाऱ्याला त्यात काहीतरी मिळावं लागतं. मयताची बातमी भावकी फिरवते, कारण नाही कळवलं तर जन्मभर ऐकावं लागतं. लाइटची बातमी ज्याचं भिजवण राहिलंय तो फिरवतो. ग्रामसभेची बातमी फिरवून कुणाला काय मिळणार? उलट चार लोक जास्त आले तर चार प्रश्न जास्त.

शंकासुर

धागाकर्ते, एक आगाऊ प्रश्न. तुमचं मत कुठे आहे, गावात की पुण्यात?

बांधावरून

पुण्यात. फ्लॅट घेतला तेव्हा नाव इकडे हलवलं.

शंकासुर

मग तुम्ही ग्रामसभेचे सदस्यच नाही. ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदारयादीत नाव असलेले सगळे. जत्रेची पावती फाडता म्हणून तुम्ही गावकरी, पण सभेत बोलायचा अधिकार तुमच्या आईचा. राग मानू नका, आमच्या गावात सर्वात मोठ्या आवाजात बोलणारे असेच मुंबईकर असतात.

बांधावरून

राग नाही. लागलं थोडं.

कोरम_अपूर्ण

एकतीस वर्षं ग्रामसेवक होतो. आता त्या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, २०२४ मध्ये शासनाने ग्रामसेवक आणि ग्राम विकास अधिकारी ही दोन्ही पदं एक केली. मी जुन्याच नावाने निवृत्त झालो, तेच बरं वाटतं.

आधी नियम सांगतो, मग त्याचं काय होतं ते सांगतो. आपला कायदा १९५८ चा, महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम. कलम ७ ग्रामसभेचं. आर्थिक वर्षात किमान चार सभा. बहुतेक गावांत त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी किंवा त्याच्या आगेमागे होतात. सात दिवस आधी नोटीस, ती फलकावर लावायची आणि गावात दवंडी द्यायची. दवंडी ही काही जुन्या सिनेमातली गंमत नाही, नियमातली गोष्ट आहे. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यात जो आकडा कमी तो. तुमच्या चौदाशेच्या गावात १५ टक्के म्हणजे २१०, म्हणून तुमचा कोरम १००. तेवढे नाही जमले तर सभा तहकूब. आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही! फक्त नवीन विषय घेता येत नाही, आधीच्याच अजेंड्यावर बोलायचं.

आता वहीचं. मी पण फिरवली आहे वही, खोटं कशाला बोलू. माझ्याकडे एका वेळी तीन गावं होती. १५ ऑगस्टला तिन्ही ठिकाणी झेंडा. सभेला माणसं येतात अठरा. सभा झाली नाही तर घरकुलाची यादी अडते, आराखडा अडतो, आणि सभाच बोलावली नाही असं ठरलं तर सरपंचाच्या पदावर गंडांतर. मग शिपायाला सांगायचं, जा बाबा फिरून ये. तो पण हुशार असतो. कुणाच्या घरी पाणीपट्टी थकलीय ते त्याला पाठ असतं, तिथं सही लवकर मिळते.

पण लोकांनी एक गोष्ट ओळखली पाहिजे. वहीच्या त्या पानावर वर काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही. सह्या आधी होतात, इतिवृत्त मागाहून लिहिलं जातं. ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक म्हणून ज्यांची नावं पडतात, त्यांतल्या काहींना आपण काय सुचवलं ते आयुष्यात कळत नाही. मी एकदा एका सूचकाला रस्त्यात त्याचाच ठराव समजावून सांगितलाय. तो म्हणाला, "चांगला हाय की वो ठराव."

वाचनमात्र

वरच्या प्रतिसादासाठी खास लॉगिन केलं. साष्टांग.

माजी_सदस्या

मी पाच वर्षं सदस्य होते, महिला राखीव जागेवर. २०११ पासून आपल्याकडे पन्नास टक्के जागा बायकांना आहेत. त्याआधी एक तृतीयांश.

ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, हे किती जणांना माहीत आहे? आमच्याकडे पहिली दोन वर्षं ती फक्त कागदावर झाली. सभेच्या दिवशी हॉलमध्ये पुरुष खुर्च्यांवर, आम्ही सदस्य बायका भिंतीकडेला सतरंजीवर, आणि ज्यांच्या बायका सदस्य आहेत ते नवरे टेबलाजवळ. माझे सासरे सुद्धा त्यातच होते, म्हणून कुणाला बोलायची सोय नव्हती.

तिसऱ्या वर्षी मी एक केलं. नोटीस निघाली की तिचा फोटो काढायचा आणि बचत गटाच्या बैठकीत वाचून दाखवायचा. आमच्या गावात तेव्हा नऊ गट होते, महिन्याला हप्ता भरायला प्रत्येक बाई येतेच. अजेंडा मोठ्याने वाचला की मग बायका बोलायला लागतात. 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' याला सगळ्या हसल्या. पण 'पाणीपुरवठा दुरुस्ती खर्चास मंजुरी' म्हटल्यावर एकदम शांतता, आणि एक म्हातारी म्हणाली, दुरुस्त कुठलं केलं? व्हॉल्व्ह तर अजून सुतळीनं बांधलाय. तो व्हॉल्व्ह तिच्या दारात होता. ती रोज सकाळी तो बघत होती. हॉलमधल्या एकाही माणसाला ते माहीत नव्हतं.

त्या महिला सभेला त्रेसष्ट बायका आल्या. व्हॉल्व्ह बदलला गेला. पुढच्या निवडणुकीत मी पडले, पण ती वेगळी कथा.

सासुरवाडी_७किमी

पडलात की पाडलं?

माजी_सदस्या

अकरा मतांनी. हिशोब तुम्हीच करा.

अडमीनभाऊ

मी आमच्या गावच्या ग्रुपचा ॲडमिन. धागाकर्त्याचा ग्रुप बघून स्वतःचाच वाटला. आमचे आता तीन ग्रुप आहेत. आधी एक होता. निवडणुकीत फुटून दोन झाले, मग दोन्हीकडून हाकललेल्यांनी तिसरा काढला. तिसऱ्याचं नाव 'फक्त विकास'. त्यावर विकास सोडून सगळं असतं.

लोकांना वाटतं ग्रुप आला म्हणजे बातमी पोचली. उलट आहे. पूर्वी दवंडी देणारा एक माणूस होता, चुकीचं बोलला तर दुसऱ्या दिवशी पारावर त्याला धरायचे. आता बातमीला तोंडच नाही. मागच्या थंडीत आमच्याकडे बिबट्याचा व्हिडिओ आला, 'आपल्या कॅनॉलवर, आत्ता'. पोरं काठ्या घेऊन निघाली. माझी मेहुणी शेजारच्या तालुक्यात दिलेली, तिच्या ग्रुपवर तोच बिबट्या, तोच कॅनॉल, 'आपल्या'. निवांत फिरत होता बिचारा तीन तालुके.

हसण्यावारी नेऊ नका म्हणून सांगतो. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी, मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने मारून टाकले. ग्रामपंचायतीच्याच खोलीत नेऊन मारलं. त्याआधी कितीतरी दिवस फोनवर तसले व्हिडिओ फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच जणांना पुढे पाठवायची मर्यादा जाहीर केली. तेव्हापासून मी नियम केला. 'आपल्या गावात' असं लिहिलेलं काही आलं की टाकणाऱ्याने तिथं उभं राहून स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून टाकायचा. निम्म्या बातम्या तिथंच मेल्या.

पिंपळपान

हा आवाजाचा नियम भारी आहे. आमच्याकडे ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे, एका क्रमांकावर फोन करून बोललं की नोंदणी केलेल्या सगळ्या मोबाइलवर तोच आवाज फोनसारखा वाजतो. चोरी, आग, बिबट्या याला खरंच उपयोग होतो. आणि बोलणारा कोण ते गाव आवाजावरून ओळखतं, त्यामुळे थापा कमी.

शंकासुर

यावरून ग्रामसभेची दवंडी का देत नाहीत मग?

पिंपळपान

देता येते. देत नाहीत.

नकाशेवाला

धागाकर्त्याच्या दिव्याकडे परत येतो. सभेला जाण्याआधी घरी बसून अर्ध्या तासात करण्यासारखं एक काम आहे. ई-ग्रामस्वराज नावाचं केंद्र सरकारचं पोर्टल आहे, २४ एप्रिल २०२० ला सुरू झालं. राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडलं की वर्षाचा आराखडा आणि झालेला खर्च दिसतो. लॉगिन लागत नाही. गावाच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग मात्र अंदाजाने शोधा. माझं गाव मला वीस मिनिटांनी सापडलं, त्यातलं 'ळ' कुणीतरी 'ल' करून टाकलेलं.

तिथं बघताना बंधित आणि अबंधित हे दोन शब्द लक्षात ठेवा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत (मार्च २०२६ पर्यंतच्या) साठ टक्के बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांवरच. चाळीस टक्के अबंधित, गावाच्या गरजेप्रमाणे, फक्त पगार आणि आस्थापनेवर नाही. खांबावरचा दिवा अबंधितमध्ये बसतो. सभेत 'निधी नाही' असं उत्तर आलं तर विचारायचं, कुठला नाही, बंधित की अबंधित? हा एक प्रश्न विचारला की टेबलामागची मंडळी तुमच्याकडे नीट बघायला लागतात. स्वानुभव.

मला आमच्या गावच्या यादीत 'सार्वजनिक वाचनालय पुस्तके' असा खर्च दिसला. वाचनालय कुठे आहे ते तीन जणांना विचारलं. तिघांनी तीन जागा सांगितल्या. शोध चालू आहे.

उसाचं_पाचट

दरवेळी असा धागा निघाला की आदर्श गावांची नावं येतात, आज अजून आली नाहीत म्हणून मीच आणतो. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव. २०२२ पासून संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि गाव टीव्ही, मोबाइल बंद करतं. साडेआठला पुन्हा भोंगा. मुलांचा अभ्यास आणि घरात बोलणं. त्याच वर्षी मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि पंधरा दिवसांच्या आत शासनाने तसं परिपत्रक काढलं. ठराव एका गावाचा, परिपत्रक राज्याचं. ग्रामसभा काय करू शकते म्हणणाऱ्यांसाठी.

सासुरवाडी_७किमी

काका, ही गावं ठीकच आहेत, पण त्यांची नावं ऐकली की आमच्या गावातले लोक म्हणतात 'तिथली माणसंच वेगळी'. आणि विषय संपतो. मला व्हॉल्व्हवाल्या आजी जास्त पटल्या.

उसाचं_पाचट

मान्य. पण गडचिरोलीच्या मेंढा-लेखाचं एक सांगू दे. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्यांची. लोकांना घोषणा पाठ आहे, त्यामागचं काम नाही. तिथं निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतो. एक जण जरी अडला तरी पुन्हा बसायचं. म्हणून विषय आधी बारक्या अभ्यास गटांत चघळलेला असतो, सभेच्या दिवशी अचानक टेबलावर येत नाही. आपल्याकडे सगळा खेळ त्या अचानक येण्यावरच तर आहे. 'ऐनवेळचे विषय, माननीय अध्यक्षांच्या परवानगीने.'

कोरम_अपूर्ण

त्या 'ऐनवेळच्या विषयां'त माझी अर्धी नोकरी गेली.

वाचनमात्र

अवांतर: आमच्या गावात अजून फळा आहे. ग्रामपंचायतीचा नाही, देवळाच्या भिंतीवर काळा रंग दिलेला, वर 'वार्ताफलक'. शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी रोज सकाळी लिहितात. काल असं होतं: 'तलाठी उद्या येणार (असे म्हणाले आहेत). दशक्रिया: मळ्यातील मंडळी, नदीवर, ८ वा. पाणी: वरची आळी.' त्या कंसासाठी मी रोज वाट वाकडी करून जातो.

अडमीनभाऊ

'असे म्हणाले आहेत' हे ग्रुपच्या नियमात घालतो.

बांधावरून

सगळ्यांचे आभार. थोडं चुकलं माझं, मी गावाबद्दल विचारलं आणि स्वतःचं मत पुण्याला नेलंय हे विसरलो. चुलतभाऊ म्हणाला, फॉर्म भर आणि परत आण इकडे. पण राहतो तिथलंच मत खरं, ते मी करणार नाही. त्यापेक्षा आईला तयार करतोय. ती म्हणते, "मला तितं काय कळतंय?" मी व्हॉल्व्हवाल्या आजींची गोष्ट सांगितली. ऐकून घेतली, बोलली काही नाही.

कोरम_अपूर्ण

आईंना एकच सांगा. वही आली की म्हणायचं, आधी वाच, मग सही. एवढं एक वाक्य पुरे.

बांधावरून (पाच आठवड्यांनी)

धागा वर काढतोय, माफ करा. ग्रामसभा झाली. किंवा नाही झाली, तुम्हीच ठरवा.

नोटीस या वेळी ग्रुपवर आली, कारण चुलतभावाने फलकावरचा फोटो काढून टाकला. त्याखाली अकरा अंगठे आणि एक 'अभिनंदन'. महिला सभेला आई गेली, शेजारच्या दोघींना घेऊन. एकूण सतरा बायका. शिपायाने सवयीप्रमाणे वही आधी पुढं केली. आई म्हणाली, आधी वाच. तो म्हणाला, काकी, अजून लिवलंच न्हाई. "मग मी तरी कशावर सही करू?" त्यावर तो हसला आणि वही घेऊन मागं जाऊन बसला. हे मला आईने नाही, शेजारच्या काकूंनी सांगितलं. आईने फक्त चहा पातळ होता एवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशीच्या मुख्य सभेला एकसष्ट जण. कोरम शंभर. सभा तहकूब, आठ दिवसांनी परत. आठ दिवसांनी चौतीस आले आणि काम चाललं, वर सांगितल्याप्रमाणे. दिव्याचा विषय महिला सभेतून आला होता म्हणून अजेंड्यावर होता. निधी नाही असं उत्तर मिळालं. आईने मी पढवलेला प्रश्न विचारला, पण शब्द विसरली आणि म्हणाली, "कंचा न्हाई, बांधल्याला का सुटा?" हॉल हसला. ग्रामसेवक हसले नाहीत. त्यांनी फाईल उघडली आणि म्हणाले, सुटा आहे थोडा.

ठरावाखाली अनुमोदक म्हणून आईचं नाव आहे. तिने ते दोनदा वाचून घेतलं, कारण पहिल्यांदा माझ्या वडिलांचं नाव चुकीचं लिहिलं होतं.

माजी_सदस्या

बांधल्याला का सुटा! आमच्या बचत गटात उद्याच सांगते.

शंकासुर

आणि दिवा?

बांधावरून

कालपर्यंत नव्हता. वायरमन परवा येणार, असे म्हणाले आहेत.